टाइम मशीनवर बावीस ओळी, भावावर एक

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका ३८ वर्षांच्या आहेत, गेली १४ वर्षं साउंड एडिटर म्हणून दुसऱ्यांच्या फिल्म्सवर काम करतायत. चार वर्षांपासून त्या स्वतःची एक सायन्स फिक्शन फिल्म लिहितायत, काळप्रवासावरची. अकरावा ड्राफ्ट झालाय, १४२ पानं. एक भौतिकशास्त्रज्ञ बाई टाइम मशीन बनवते आणि सहा वेगवेगळ्या काळांत जाते, कारण तिला अपघातात गेलेल्या धाकट्या भावाला वाचवायचंय. प्रोड्यूसर म्हणतात व्हीएफएक्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवर तयार केलेल्या दृश्यांचा, खर्च झेपणार नाही. पाच मित्रांनी स्क्रिप्ट वाचली, त्यातल्या चौघांना ती कळली नाही. नोकरी सोडावी, सगळी बचत घालावी, वर कर्ज काढावं आणि फिल्म करून टाकावी असं त्यांच्या मनात आहे, नवरा म्हणतो निदान एक वर्ष थांब. त्यात गेल्या महिन्यात साधारण अशाच कल्पनेवरच्या एका फिल्मचा ट्रेलर आला आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही. त्या विचारतायत, आता उडी मारू की पैसे मिळेपर्यंत थांबू? आणि फिजिक्स चुकलं तर लोक हसतील का?

*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि ओळी मोजल्या. मशीन कसं चालतं, ऊर्जा कुठून येते, सहा काळांमध्ये जाण्याचा क्रम काय, यावर बावीस ओळी आहेत. भावावर एक. "तिला भावाला वाचवायचंय", बस एवढंच, आणि पुढच्या ओळीत परत मशीन. अजून एक गोष्ट दिसली, तुम्ही १४ वर्षं आवाजाचं काम करताय आणि एवढ्या मोठ्या पत्रात आवाजाचा उल्लेख फक्त नोकरीच्या वाक्यात आलाय, फिल्मबद्दल बोलताना एकदाही नाही. मला जे म्हणायचंय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरणार आहे, त्यामुळे उडी मारू की थांबू याचं उत्तर लगेच दिलं नाही तर रागावू नका, तिथे येतेच.

आधी त्या प्रश्नाबद्दलच थोडं. उडी की थांबणं, असे दोनच रस्ते दिसतायत कारण तुम्ही फिल्म केवढी असणार हे पक्कं धरून चाललाय. १४२ पानं, सहा काळ, एकोणीस पात्रं. हे हलणार नाही असं गृहीत धरलं की मग हलवायला उरतं काय, तर नोकरी, बचत, घर, नवऱ्याची झोप. मला हे उलटं करून बघायचंय. नोकरी आहे तिथे राहू दे, घर आहे तसं राहू दे आणि फिल्म हलवून बघूया. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा ठोकताळा असतो, म्हणजे तुमची फिल्म आत्ता दोन तास वीस मिनिटांच्या आसपास आहे, पहिल्याच फिल्मला एवढी लांबी कशासाठी हवी आहे हे कधी स्वतःला विचारलंय का? मला वाटतं सहा काळ तुमच्या नायिकेला लागत नाहीयेत, ते तुम्हाला लागतायत, फिल्म भव्य वाटावी म्हणून. भाऊ एकाच काळात गेला ना?

आता व्हीएफएक्स. प्रोड्यूसर जे म्हणाले ते तुमच्या या स्क्रिप्टबद्दल खरं असेल, पण काळप्रवासाच्या फिल्मला व्हीएफएक्स लागतातच असं नाही, आणि मी हे धीर द्यायला म्हणत नाहीये, सिनेमाच्या इतिहासात याचे धडधडीत पुरावे आहेत. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांची 'ला जेते' १९६२ ची आहे, २८ मिनिटांची, आणि जवळजवळ पूर्ण फिल्म स्थिर फोटोंची आहे, हलणारा शॉट फक्त एक, झोपलेली बाई डोळे उघडते तो. बाकी सगळं निवेदन, संगीत आणि आवाज. साउंडवाल्या माणसाने ती फिल्म एकदा डोळे मिटून ऐकावी असं मला मनापासून वाटतं. आणि याच फिल्मवरून प्रेरणा घेऊन १९९५ मध्ये 'ट्वेल्व्ह मंकीज' आली, मोठे स्टार, मोठे सेट, आणि दोन्ही आजही उभ्या आहेत, एकीमुळे दुसरी लहान झाली नाही. तुम्हाला ज्या ट्रेलरमुळे झोप लागत नाहीये त्याबद्दल माझं म्हणणं यातच आलं. मूळ कल्पना कुणाच्याच मालकीची नसते, कॉपीराइटसुद्धा कल्पनेला मिळत नाही, ती कशी मांडली त्याला मिळतो. ती फिल्म आली की पहिल्या दिवशी जाऊन बघा. न बघता घाबरत राहिलात तर ती डोक्यात आहे त्यापेक्षा मोठी होत जाईल, बघितलीत की निदान कळेल ती नेमकं काय करते आणि काय करत नाही.

दुसरं उदाहरण 'प्रायमर', २००४. शेन कॅरथ, गणित शिकलेला, आधी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माणूस. साधारण ७,००० डॉलरमध्ये फिल्म केली, सुपर १६ एमएमच्या रिळावर, लिहिली त्याने, दिग्दर्शन त्याचं, मुख्य भूमिकांपैकी एक त्याची, एडिटिंग आणि संगीतही त्याचंच, आणि त्या वर्षी सनडान्स फिल्म फेस्टिवलला ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं. हे सगळे सांगतात, पण सात हजार डॉलर ऐकून लोक चुकीचा धडा घेतात, की स्वस्तात होतं, चला. तसं नाहीये. पैसे कमी लागले कारण वेळ आणि तयारी प्रचंड लागली, कॅमेऱ्यातलं रीळ महाग म्हणून टेक अगदी मोजके घ्यायचे, म्हणजे प्रत्येक शॉट आधीच ठरलेला पाहिजे. जे पैशात वाचलं ते त्याने आयुष्यातल्या वर्षांत भरलं. तुमच्याकडे त्याच्याकडे नव्हती अशी एक गोष्ट आहे, मेमरी कार्डवर टेक फुकट पडतो. पण तयारी फुकट पडत नाही, ती तेवढीच करावी लागते.

आणि त्या फिल्ममधली मला सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट बजेट नाहीच, नियम आहे. तिथलं मशीन म्हणजे एक पेटी, आणि सहा तास मागे जायचं असेल तर त्या पेटीत सहा तास बसून राहावं लागतं. एवढाच नियम. पण बघा त्यातून काय काय निघतं: माणूस दमतो, त्याचं वय वाढतं, मशीन सुरू केलं त्याच्या आधी जाता येत नाही, आणि त्याच वेळेला बाहेर त्याचा आधीचा 'मी' फिरत असतो त्यामुळे लपून राहावं लागतं. एका नियमातून अख्खी गोष्ट. तुमच्या बावीस ओळींमध्ये मला असा एकही नियम सापडला नाही ज्याची किंमत नायिकेला मोजावी लागते. मशीन तिला पाहिजे तिथे नेतं, पाहिजे तेव्हा परत आणतं. मग तिला अडवतं कोण? म्हणून तुम्हाला सहा काळ लागतायत, कारण एका काळात तिची कुठेच अडवणूक होत नाहीये.

याला लागूनच फिजिक्सची भीती. पुढच्या दिशेने काळप्रवास ही सिद्ध झालेली गोष्ट आहे, फक्त प्रमाण अगदी सूक्ष्म असतं. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी अणुघड्याळं, म्हणजे अतिशय अचूक घड्याळं, प्रवासी विमानातून पृथ्वीभोवती फिरवून आणली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी तुलना केली तेव्हा नॅनोसेकंदांचा फरक पडलेला होता, आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणेच. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते दुरुस्त केलं नाही तर नकाशावरची जागा दिवसाला काही किलोमीटरने चुकत जाईल. मागे जाण्याचं मात्र वेगळं आहे. १९४९ मध्ये गणितज्ञ कर्ट गोडेलने आइन्स्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर काढून दाखवलं ज्यात फिरणाऱ्या विश्वात आपल्याच भूतकाळात पोचणारा मार्ग निघतो, पण आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये तर्क मांडला की निसर्गाचे नियमच मागे जाऊ देत नसावेत, आणि २००९ मध्ये त्यांनी काळप्रवाशांसाठी पार्टी ठेवली, निमंत्रणं पार्टी झाल्यावर जाहीर केली, कुणी आलं नाही.

म्हणजे तुमच्या नायिकेला मागे पाठवताना तुम्ही अशा जागी उभ्या आहात जिथे विज्ञानाकडेही अजून शेवटचं उत्तर नाही. प्रेक्षकांत बसलेला भौतिकशास्त्रज्ञ तुम्हाला समीकरण विचारणार नाही, तुम्ही स्वतःच ठरवलेला नियम चाळिसाव्या मिनिटाला मोडलात तर मात्र तो हसेल, आणि त्याच्या शेजारी बसलेली शाळकरी मुलगी पण हसेल. भूतकाळ बदलतो का? याला लेखकांकडे साधारण तीन उत्तरं असतात. बदलत नाही, तुम्ही मागे गेलात ते आधीच घडलेलं होतं. बदलतो आणि पुसला जातो. किंवा फांदी फुटते, जुनं तसंच राहतं आणि नवं वेगळं सुरू होतं. तुमच्या स्क्रिप्टच्या सारांशात पहिल्या तीन काळांमध्ये गोष्टी बदलतात, चौथ्यात बदलत नाहीत, आणि शेवटी दोन भाऊ आहेत. म्हणजे तिन्ही उत्तरं एकाच फिल्ममध्ये. ज्या चार मित्रांना कळलं नाही ते कमी हुशार नव्हते हो, त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं.

गोंधळाबद्दल अजून एक, कारण हे पत्र छापल्यावर बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. गोंधळ दोन प्रकारचा असतो. मशीन कसं चालतं ते कळलं नाही, हा एक. यात प्रेक्षक तासभर मजेत बसू शकतो. आत्ता समोर दिसतेय ती बाई कुठली, आधीची की नंतरची, आणि तिला काय काय माहितीय, हे कळलं नाही, हा दुसरा, आणि यात प्रेक्षक पाच मिनिटंसुद्धा बसत नाही, तो मनातून उठून जातो. त्यामुळे पुढच्या वेळी स्क्रिप्ट वाचायला दिलीत की "कसं वाटलं" विचारूच नका. चाळिसाव्या पानावर थांबवा आणि विचारा, आत्ता या खोलीत कोण कोण आहे, कुणाला काय माहितीय आणि तुला कशाची भीती वाटतेय. ज्याला भीती सांगता येते त्याला फिल्म कळतेय, बाकीचं सुटू दे.

त्यासाठी भिंतीवर दोन रेषा काढा. एक जगाच्या घड्याळाची, सकाळपासून रात्रीपर्यंत काय कधी घडलं. दुसरी तिच्या स्वतःच्या आयुष्याची, तिने काय कुठल्या क्रमाने अनुभवलं, तिला जखम कधी झाली, ती कधी झोपली, तिने शेवटचं कधी खाल्लं. आणि तिच्या प्रत्येक रूपाला नंबर द्या, बहीण १, बहीण २, बहीण ३, स्क्रिप्टमध्ये सीनच्या वरच हा नंबर लिहा. शूटिंग लोकेशनच्या सोयीने उलटसुलट होणार, त्यामुळे सकाळी बहीण ३ आणि दुपारी बहीण १ असं होणारच. मी काम केलेल्या एका शॉर्ट फिल्ममध्ये कंटिन्यूइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय का हे, बघायला वेगळं माणूस ठेवलं नव्हतं, वाटलं छोटी फिल्म आहे, आम्हीच बघू, आणि हातावरचं बँडेज एका अख्ख्या सीनमध्ये दुसऱ्या हातावर गेलं. साध्या फिल्ममध्ये ही चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. आमच्या गोष्टीत कोण आधीची कोण नंतरची हे ओळखायची ती एकमेव खूण होती, त्यामुळे तो सीन काढून टाकावा लागला आणि शेवट कळेनासा झाला. म्हणून सांगते, पैसे एकाच माणसावर घालायचे असतील तर कंटिन्यूइटी बघणाऱ्यावर घाला, कॅमेरा थोडा साधा चालेल.

आता आवाज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं भांडवल तुम्ही स्वतःच मोजलेलं नाही.

काळप्रवासाच्या फिल्मचा खरा आनंद मला विचाराल तर एकच प्रसंग दोनदा बघण्यात आहे, दुसऱ्यांदा वेगळ्या जागेवरून. दिग्दर्शक लोक हे कॅमेऱ्याने करतात, आणि मग दोन-दोन रूपं एका फ्रेममध्ये आणायची म्हणून व्हीएफएक्स आठवतं. पण तुम्ही हे कानाने करू शकता. समजा नायिका आतल्या खोलीत बसलीय आणि बाहेरून काहीतरी पडल्याचा आवाज येतो, मग दार लागतं, मग कुणीतरी धावत जातं आणि मधेच अर्धवट हाक ऐकू येते. ती उठून बाहेर येते, कुणी नाही. पन्नास मिनिटांनी फिल्म त्याच क्षणाला परत येते, या वेळी आपण बाहेर आहोत, आणि ते पडलेलं काय होतं, दार कुणी लावलं, हाक अर्धवट का राहिली हे सगळं दिसतं. भिंतीपलीकडून दबून आलेले तेच आवाज आता स्वच्छ, जवळून, श्वासासकट. कॉम्प्युटरवर केलेली एकही फ्रेम नाही आणि अंगावर काटा येतो, कारण प्रेक्षकाच्या कानाने ते सगळं पन्नास मिनिटं सांभाळून ठेवलेलं असतं. हे करायला काय लागतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही: त्याच टेकला दोन रेकॉर्डर, एक आत एक बाहेर, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज खरा मिळतो आणि नंतर फिल्टर लावून खोटा दबका करावा लागत नाही, शिवाय दोन्ही खोल्यांचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा आवाज, मिनिटभर वेगळा घेऊन ठेवायचा. हे तुम्हाला झोपेत येतं. बहुतेक नवीन दिग्दर्शकांना हे सुचतही नाही, आणि त्यांच्या छान दिसणाऱ्या फिल्म्स आवाजापाशी उघड्या पडतात.

अजून पुढे जाऊन विचार करा. माणसाने मागे जायलाच हवं का? मी हे तुमच्यावर लादत नाहीये, फक्त शक्यता म्हणून सांगते. समजा माणूस जात नाही, आवाज जातो. एका रेकॉर्डरमध्ये त्याच खोलीचा चाळीस मिनिटांनंतरचा आवाज ऐकू येतो. दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येतं, आणि ऐकलेल्याचा अर्थ चुकीचा लावता येतो. एक घर, एक संध्याकाळ, एक बहीण, एक भाऊ. किंमतही आपोआप आली: ऐकायला चाळीस मिनिटं तिथे बसून राहावं लागतं, आणि तेवढ्या वेळात भाऊ घरातून निघून जातोय. तुम्ही यापेक्षा चांगलं काहीतरी शोधाल, तुमची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहितीय, पण असा काहीतरी एकच अरुंद नियम धरा आणि त्याला चिकटून राहा.

असा अरुंद नियम घेऊन उभ्या राहिलेल्या फिल्म्स आहेत. जपानची 'बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स', २०२०, एका नाटक मंडळीने केली, स्मार्टफोनवर शूट केलेली, ७० मिनिटांची, आणि नियम काय तर कॅफेमालकाच्या खोलीतल्या मॉनिटरवर दोन मिनिटांनंतरचं दिसतं. दोन मिनिटं फक्त! त्यांच्याकडे पैसे नव्हते पण तालीम करायची सवय होती, आणि अख्खी फिल्म एका सलग टेकसारखी दिसते ती त्या तालमीच्या जोरावर. म्हणजे त्यांनी आपल्याला जे येतं त्यातून नियम काढला. स्पेनची 'टाइमक्राइम्स', २००७, नाचो विगालोंदो, जेमतेम चार-पाच माणसं, घर, जंगल आणि एक प्रयोगशाळा, आणि एका पात्राच्या डोक्याला गुंडाळलेलं गुलाबी बँडेज, ज्याच्यामुळे चेहरा झाकला जातो आणि आत कोण आहे हे लपवायला काही तंत्र लागतच नाही. तुमच्यासारख्या अवस्थेत असलेल्या बाकीच्या वाचकांनाही हेच सांगेन, आपल्याला मेकअप येतो का, तालीम घेता येते का, एखादं रिकामं घर महिनाभर मिळतंय का, ते आधी बघा आणि मशीन त्यातून काढा.

तरीही दोन रूपं समोरासमोर आणायचीच असतील तर एखाद्याच शॉटमध्ये आणा, तेवढा पुरतो, एकदा डोळ्यांनी मान्य केलं की पुढे पाठमोऱ्या दुसऱ्या मुलीवर काम भागतं. नटीला आधी फ्रेमच्या एका अर्ध्यात शूट करायचं, मग दुसऱ्या अर्ध्यात, आणि नंतर दोन्ही अर्धे जोडायचे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, खिडकी झाकलेली कारण मधेच ढग आला की दोन अर्ध्यांचा उजेड जुळत नाही, आणि दाराची चौकट किंवा कपाटाची कड अशी एखादी उभी रेघ जिथे जोड लपेल. कुणाचा हात, कुणाची सावली ती रेघ ओलांडणार नाही हे बघायचं. ज्या रूपाच्या बोलण्याने सीन पुढे सरकतो ते आधी शूट करा, मग तेच संवाद दुसऱ्या वेळी नटीच्या कानात वाजवा म्हणजे थांबे बरोबर पडतात. हा एक शॉट फिल्मच्या आधी घरी करून बघा. आठ-दहा मिनिटांचा एखादा सीन, दोन दिवसांचं शूट, पूर्ण साउंड करून. प्रोड्यूसरकडे १४२ पानं घेऊन जाण्यापेक्षा हे घेऊन गेलात तर बोलणं वेगळं होईल, आणि प्रोड्यूसर नाही मिळाला तरी तुम्हाला कळेल की दिग्दर्शनाची खुर्ची तुम्हाला आवडते का, कारण लिहिणं आवडणं आणि सेटवर वीस लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे नोकरी सोडायच्या आधी कळलेलं बरं.

तर नोकरी. सोडू नका, कर्ज काढू नका. नवऱ्याचं एक वर्ष थांब हेही मला पूर्ण पटत नाही, कारण नुसतं थांबून वर्षानंतर बाराव्या ड्राफ्टशिवाय काही हाती लागणार नाही. त्यांना बहुतेक तारखेची भीती नाही, आकड्याची आहे. तुम्ही "सगळी बचत" म्हणता तेव्हा त्यांना तळ दिसत नाही. दोघं बसून एक आकडा ठरवा, जो पूर्ण बुडाला तरी घर चालेल, आणि स्क्रिप्ट त्या आकड्यात बसवा. सत्तर-पंचाहत्तर पानांची, एका घरातली फिल्म, दिवसाला चार-पाच पानं धरली तर पंधरा-सोळा दिवसांत होते, तेवढी सुट्टी जमवणं अवघड आहे पण अशक्य नाही. सलग करा. शनिवार-रविवार करत सहा महिने ताणलं की केस वाढतात, ऋतू बदलतो, आणि तुमची गोष्ट एका संध्याकाळची असेल तर ते लपत नाही. आकड्यातला निदान तिसरा हिस्सा शूटिंगला हात लावू न देता बाजूला ठेवा, कलर, दोन ठिकाणी बॅकअप, संगीत, फेस्टिवलच्या प्रवेश फिया यासाठी. बऱ्याच स्वतंत्र फिल्म्स शूट होऊन हार्ड डिस्कवर पडून राहतात त्या यामुळेच. साउंड तुम्ही स्वतः करणार आहात, तो खर्च नाही, पण वेळ धरा, नोकरी सांभाळून वर्षभर सहज.

आणि मैत्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाशी कागद करा, कॅमेरामन मित्राशीसुद्धा. काय मिळणार, कधी मिळणार, नाव कसं येणार, नटांची परवानगी, घरमालकाची परवानगी, संगीताचे हक्क, सगळं लेखी आणि शूटच्या आधी. पुढे कुणी फिल्म घ्यायला तयार झालं तर पहिल्यांदा हेच कागद मागतात, आणि तेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या मित्राची सही शोधत फिरणं फार त्रासाचं होतं. फुकट काम करणाऱ्यांना वेळेवर जेवण आणि वेळेवर सुट्टी द्या, रात्रीचे बारा तास कुणाच्या प्रेमावर काढू नका.

शेवटी भावाबद्दल. तुमच्या पत्रात तो एका ओळीत का आहे हे मला माहीत नाही आणि तुम्ही मला सांगायलाही नको. कधीकधी जे सगळ्यात दुखतं त्याच्याभोवतीच आपण सगळ्यात जास्त यंत्रसामग्री उभी करतो, तसं असेल तर त्यात चुकीचं काही नाही, चार वर्षं तुम्ही रोज त्या टेबलावर बसताय ते उगाच नाही. पण फिल्म सुरू करायच्या आधी मला वाटतं ते एक पान लिहायला हवं जे अकरा ड्राफ्टमध्ये कुठेच नाहीये: अपघाताच्या आधीची त्यांची शेवटची दहा मिनिटं, मशीन नाही, काळ नाही, दोघं एका खोलीत, काहीतरी फालतू बोलतायत. तो कसा बोलतो, मधेच काय गुणगुणतो, चालताना त्याच्या पावलांचा आवाज कसा येतो. तुम्ही हे कानाने लिहू शकाल. ते झालं की मागे जाऊन तिला नेमकं काय परत ऐकायचंय ते तुम्हाला कळेल, आणि मला वाटतं नियमही तिथूनच सापडेल.

पुढचा ड्राफ्ट मला पाठवू नका, ते एक पान झालं की ते पाठवा.